बलिपत्तनच्या शोधात: खारेपाटणच्या प्रकल्प नोंदी

19 नोव्हेंबर 2023

आजपासून वही सुरू. आम्ही चौघं: मी (पोटापाण्यासाठी जमीन मोजणी करतो), इतिहास शिकणारी दोन मुलं आणि खाडीवर जन्म काढलेले काका. काकांचं नाव लिहायचं नाही, त्यांनीच सांगितलंय.

काम काय ते थोडक्यात. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजघराण्याची राजधानी बलिपत्तन. ती वसवली धम्मियर राजानं. त्याच्या आधीचा सणफुल्ल हा राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेनं सह्याद्री ते समुद्र या पट्ट्याचा धनी झाला होता. हे सगळं समजतं ते खारेपाटणला सापडलेल्या, याच घराण्यातल्या रट्टराजाच्या ताम्रपटातून, शक 930, म्हणजे इ.स. 1008. आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 च्या दशकात तो वाचून छापला. पट खारेपाटणला मिळाला, गाव खाडीवर आहे, म्हणून बलिपत्तन इथंच, असं बरेच अभ्यासक मानतात. पण ताम्रपट ही उचलून नेता येणारी वस्तू. वतनदार घर बदलतो तेव्हा पट पेटीत घालून बरोबर नेतो. तेव्हा जमिनीवर काय दिसतं ते बघायचं, एवढंच आमचं काम. नावावरून वाद घालायचा नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलं, कारण त्यात रात्री जातात आणि हाती काही लागत नाही.

उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी पुरीसुद्धा अशीच अडकून पडलीय. कोणी घारापुरी म्हणतं, कोणी जंजिऱ्याजवळची राजपुरी. त्यामानानं आमचं कोडं सोपं, असं आज तरी वाटतंय.

काकांनी सकाळी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मुलं आधी लाजली, मग मोठ्यानं "व्हय महाराजा" म्हणाली.

3 डिसेंबर 2023

शेतात पाऊल टाकायच्या आधी कायदा वाचा. ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी हे ठळक अक्षरांत लिहितोय. परवान्याशिवाय खणता येत नाही, अगदी खुरप्यानंसुद्धा नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! पुरावस्तूंसाठी 1972 चा कायदा वेगळा. आम्ही नियम केला: खणायचं नाही, उचलायचं नाही. जागेवर फोटो, जागेची नोंद, आणि वस्तू होती तिथंच.

ग्रामपंचायतीत जाऊन बोललो. परवानगीबद्दल कोणाची हरकत नव्हती, भीती होती ती जमिनीची. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढे दोनशे मीटर निर्बंध, हे 2010 पासून आहे आणि लोकांना ते पक्कं माहीत आहे. "तुम्ही खापर दाखवाल आणि आमच्या पोराक घर बांधूक गावाचा नाय," असं एकानं तोंडावर सांगितलं. बरोबरच आहे त्याचं. मग ठरलं की बाहेर जाणाऱ्या कोणत्याही नकाशावर गट नंबर घालायचा नाही. शंभर मीटरच्या चौकोनापेक्षा बारीक जागा दाखवायची नाही. मूळ वही पंचायतीत कोणीही येऊन बघावी.

10 डिसेंबर 2023

पहिला दिवस पूर्ण वाया. दहा-दहा मीटरवर सरळ रेषा मारून चालायचं आणि दिसेल ते नोंदवायचं, ही पद्धत देशावरच्या सपाट रानात चालते. इथं चालत नाही. कुणगे (भातशेतीचे लहान तुकडे) पायऱ्यांसारखे उतरत जातात. मध्ये गडगे (दगडी कुंपणं), बांबूची बेटं, माड, वायंगणाचं (हिवाळी भाताचं) पाणी. सरळ रेषा तिसऱ्या कुणग्यात मोडली.

दुपारी पद्धत बदलली. रेषा सोडली, कुणगा हेच एकक धरलं. प्रत्येक कुणग्याला नंबर, मेरेवरून (बांधावरून) एक फेरी, मधून एक फेरी, माणशी पंधरा मिनिटं. कुणगा मोठा असो की लहान, वेळ तोच. क्षेत्रफळानं भागाकार नंतर घरी. गडग्यात बसवलेल्या दगडांची वेगळी नोंद ठेवली, कारण शेतकरी नांगराला लागलेलं सगळं मेरेवर फेकतो आणि गडगा रचणारा त्यातलं चपटं उचलतो.

फोनचा जीपीएस झाडाखाली पाच मीटर चुकतो, कधी पंधरा. काही कुणगे त्याहून अरुंद! दोन दिवसांसाठी डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) भाड्यानं आणला (दिवसाला 2500), हद्दीचे जुने दगड पकडून गावनकाशा बसवला आणि मशीन परत केलं. त्यानंतर सगळं टेपनं. तसा टेप पुरतो, फक्त सुरुवातीचे चार बिंदू पक्के लागतात.

उपग्रहाच्या फोटोंवर वेळ घालवू नका. आंबा-काजूच्या छपराखाली काही दिसत नाही. फुकट मिळणारं उंचीचं मॉडेल तीस मीटरच्या चौकोनांचं आहे. म्हणजे एकरभर गढी त्यात साडेचार चौकोनांत संपते.

7 जानेवारी 2024

महिनाभर आम्ही आनंदात होतो. लाल खापरांनी वही भरली होती. गढीच्या उताराखाली तर इतकी दाटी की मुलांनी नकाशावर लाल शाई संपवली आणि "मुख्य वस्ती" असं लिहूनही टाकलं.

आज सगळे फोटो पुन्हा बघितले आणि त्यातली बहुतेक खापरं नळे निघाले. घरावरचे जुने अर्धगोल नळे. माकडं फोडतात, माणसं दर वर्षी शाकारणी करताना फुटके खाली टाकतात. उताराखाली दाटी असणारच, वर घरं होती.

ओळखायचं कसं ते आता पाठ झालंय. नळ्याचा तुकडा एकाच दिशेनं वळतो, उभ्या बाजूला सरळ असतो. मडक्याचा तुकडा दोन्ही दिशांनी वळतो, आणि आतून बोट फिरवलं तर चाकावरच्या बारीक वळ्या लागतात. नळ्याची जाडी सगळीकडे साधारण सारखी, मडकं काठाकडे आणि बुडाकडे बदलतं. ही परीक्षा पहिल्या दिवशी केली असती तर डिसेंबर वाचला असता. लाल शाईचा नकाशा ठेवलाय. घरांचा नकाशा म्हणून तो चांगलाच आहे.

दुसरी अडचण मात्र सुटणारी नाही. साधं लाल मडकं हजार वर्षांपूर्वीचं आणि आजीच्या काळातलं, तुकड्यावरून आम्हाला सांगता येत नाही. काळ सांगतात ती बाहेरून आलेली भांडी. गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला 2002 ते 2004 मध्ये उत्खनन झालं तेव्हा पश्चिम आशियातली झिलईची भांडी आणि चिनी भांडी मिळाली, आणि वस्तीचा काळ पकडता आला. तेव्हा आता लाल सोडून झिलई आणि आखाती रांजणांचं काळं अस्तर यावर नजर.

28 जानेवारी 2024

काळं अस्तर सापडलं.

खाडीच्या काठावर, आंब्याच्या मुळाशी, हाताच्या पंजाएवढं बुडाचं खापर. जाड, बाहेरून मातकट, आतून काळं कुळकुळीत, चकचकीत. इराणच्या आखाताकडून येणारे लांबट रांजण असायचे, टोकदार बुडाचे, आतून नैसर्गिक डांबर फासलेले, म्हणजे आतला द्रव झिरपू नये. ते पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी मिळालेत. आम्हा तिघांचे हात कापत होते. फोटोवर फोटो. एकानं तर ताम्रपटाची ओळ म्हणून दाखवली: द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण (त्या काळचं नाणं).

काका होडी बांधून आले. खापर बघितलं, वास घेतला आणि हसायला लागले. "ह्यां काय तुमच्या राजाचां न्हय. माझो बापूस हेच्यात डांबर तापवी होडयेक लावूक."

वासावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून आम्ही हट्टानं कडा बघितली. आणि तिथंच निकाल लागला. काळा थर आतल्या बाजूवर होता, तसाच तुटलेल्या कडेवरूनही ओघळून घट्ट झाला होता. रांजणाचं अस्तर असतं तर ते भांडं फुटताना त्याच्याबरोबर तुटलं असतं, कडेला आतली माती दिसली असती. इथं भांडं आधी फुटलं, मग त्या फुटक्या बुडाची कोणीतरी डांबराची वाटी केली. कोणीतरी म्हणजे काकांचे वडील, बहुतेक.

याच आठवड्यात निळसर-हिरव्या झिलईच्या एका तुकड्याचे फोटो पुण्याच्या एका जाणकारांना पाठवले होते. उत्तर आलं: वरून काढलेले फोटो निरुपयोगी, तुटलेल्या कडेचा फोटो पाठवा. पुन्हा फेरी, पुन्हा पेट्रोल. कडा पांढरीशुभ्र, कठीण. जुन्या आखाती भांड्याचं अंग मऊ, पिवळट असतं, नखानं भुगा पडतो. आमचं बाथरूमच्या टाइलचं निघालं. यापुढे नियम: प्रत्येक खापराचा पहिला फोटो कडेचा, मोजपट्टीसकट.

18 फेब्रुवारी 2024

भाजावळीचे दिवस. गवत-पातेरा जाळला की जमीन उघडी पडते, दिसायला वर्षातली हीच वेळ उत्तम. पण एक धोका. एका कुणग्याच्या मेरेत राखेचे थरावर थर आणि भाजून लाल झालेली माती दिसली. भट्टी, असं आम्ही लिहून घेतलं. ताम्रपटात रट्टराजानं देवाला तेली, माळी, कुंभार, धोबी यांची एकेक कुटुंबं दिली आहेत, त्यामुळे कुंभाराची भट्टी शोधण्याचा मोह आम्हाला होताच. मालक म्हणाला, इथं दर वर्षी दाढ (भाताची रोपं करायची जागा) भाजतो, आजोबाही इथंच भाजत. थरांत खापराचा एक तुकडा नाही, वाकडं फसलेलं मडकं नाही, चिकटलेली राख-काच नाही. खोडलं.

तेल्याचा मात्र एक माग लागला. एका परड्यात कपडे धुवायचा दगड म्हणून ठेवलेला घाण्याचा दगड. मधला खळगा तासून गुळगुळीत, तेल फिरलेलं कळतं. काळ सांगता येत नाही, तेल तर परवा-परवापर्यंत गाळत होते. नोंद केली, घरच्या बाईंनी चहा दिला, पुढे गेलो.

10 मार्च 2024

आज अमावास्या, उधाणाची भरती. जमिनीवर काही पटत नव्हतं म्हणून पाण्यावरून विचार करून बघायचं ठरवलं. जहाजामागे सोनं घ्यायचं तर जहाज जिथं थांबतं तिथं घेणारा बसलेला हवा. त्या ताम्रपटात कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक धरण (हेही जुनं नाणं) अशी वेगळी पट्टी आहे, आणि चेमुल्य (चौल) व चंद्रपूर (गोव्याकडचं) इथून येणाऱ्यांना सूट. इतका बारीक हिशेब ठेवणारं नाकं उघड्या समुद्रावर नसणार. खारेपाटण मुखापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आत, अरुंद पाण्यावर. जकातीला जागा झकास.

होडीनं वाघोटणकडून वर आलो. दोरीला शिशाचं वजन, दर फुटाला रंगीत चिंधी, काका वल्ह्यावर, मुलगा दोरीवर, मी वहीवर. मुखाजवळच्या भरतीची वेळ धरून निघालो हे चुकलं. वर भरती उशिरा चढते, त्यामुळे अर्ध्या वाटेवर होडी चिखलात बसली आणि आम्ही उन्हात. काकांना हे ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "सायबांकडे कागद आसा मा," एवढंच म्हणाले आणि भाकरी सोडली.

पाणी चढल्यावर पुढे गेलो. आजची खोली हजार वर्षांपूर्वीची खोली नव्हे, हे उघड आहे. त्यासाठी दोरी टाकलीच नव्हती. आम्हाला बघायचं होतं की गाळ कुठं साचतो आणि काठ कुठं कातरतो. बाहेरच्या वळणावर काठ खात होता, तिथं दोनेक मीटर उभा कापलेला काठ ओहोटीला उघडा पडतो. आतल्या वळणावर खाजण (खारी दलदल) वाढत चाललंय. काठावरून चालून हे कधीच दिसलं नसतं, कारण वर कांदळवन आणि खाली चिखल.

कापलेल्या काठात गाळाशिवाय काही नाही. एक मीटर, दीड मीटर, नुसता गाळ. हे मनात राहिलं.

26 मार्च 2024

शिमगा. काम बंद, पालखी नाचवणं चालू. मुंबईकर आलेत. एका आजोबांकडून एक गोष्ट मिळाली: त्यांच्या लहानपणी बाजाराच्या खालच्या अंगाला एक पायऱ्यांची बांधीव घाटी होती, आता दिसत नाही. पाडली का, असं विचारलं तर म्हणाले, पाडली नाही, बुडाली. दर पुरात एक पायरी कमी.

14 एप्रिल 2024

बुडाली या शब्दाचा अर्थ आज डोळ्यांनी बघितला.

खालच्या मळ्यात एका शेतकऱ्यानं विहीर खणायला घेतलीय. कडं (विहिरीची गोल भिंत) अजून बसवलं नाही, पंप लावून पाणी उपसलेलं. खणतो तो, बघतो आम्ही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नाही. तासभर वेळ दिला त्यानं. दोरी धरून उतरलो आणि वरून खाली टेप सोडला.

वरचा सगळा भाग पिवळट-तपकिरी गाळ, शुकनदीच्या पुराचा. पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं ते हेच, आणि जाताना गाळ ठेवून जातं. सत्तर सेंटीमीटरवर, भिंतीत दाबून बसलेली, चकाकणारी एक पट्टी दिसली. बोटानं पुसली तर गुटख्याची पुडी. त्यावरचं सत्तर सेंटीमीटर माझ्या हयातीतलं!

खाली गाळ तसाच, फक्त घट्ट होत गेलेला. दोन मीटरच्या थोडं वर मात्र बदल. वीतभर जाडीचा काळसर पट्टा, विहिरीच्या तीन बाजूंना सलग, चौथ्या बाजूला तुटलेला. त्यात कोळसा, हाडाचे तुकडे, आणि खापरं: दोन्ही दिशांनी वळणारी, आतून चाकाच्या वळ्या असलेली. नळा एकही नाही. पट्ट्याखाली निळसर-राखाडी चिखल, कालवांच्या शिंपल्यांसकट. म्हणजे आधी खाडी, मग त्या काठावर माणसं राहिली, मग त्यांच्यावर दोन मीटर पूर.

आमचा अख्खा हिवाळा कुठं गेला ते इथं कळतं. आम्ही पृष्ठभाग चाळत होतो. सड्यावर (वरच्या उघड्या कातळावर) माती टिकत नाही, जे आहे ते घरंगळून खाली येतं. खालच्या मळ्यात जे आहे ते इतकं खोल की नांगर तिथं पोचतच नाही. मधल्या कुणग्यांत नळे. कोकणात नदीकाठी पृष्ठभागावर काही मिळालं नाही म्हणून वस्ती नव्हती असं लिहिणाऱ्या कोणाच्याही अहवालावर मी आता विश्वास ठेवणार नाही, त्यात आमचा जानेवारीचा अहवालही आला.

पट्ट्याचा काळ माहीत नाही. कोळशाची कार्बन चाचणी होऊ शकते, पण विहिरीच्या ओल्या भिंतीतून हौशी माणसानं खरवडलेला नमुना कोणी विचारात घेऊ नये, आम्हीही घेतला नाही. फोटो, मोजमाप आणि जागा पत्रानं पुरातत्त्व खात्याला कळवली. हे बलिपत्तन, असं पत्रात कुठंही नाही. शिलाहारांची ही शाखा रट्टराजानंतर लवकरच मावळली, चालुक्य जयसिंहानं 1024 च्या सुमारास सप्तकोकण घेतलं. पण गावाचा व्यापार त्याच्याबरोबर मेला नसावा. खारेपाटणलाच मिळालेल्या दुसऱ्या ताम्रपटात, शक 1016 म्हणजे 1094 चा, उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव बलिपत्तनच्या दुर्गश्रेष्ठीच्या मुलाला ठाणे, नागपूर (किनाऱ्यावरचं), सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ करतो. म्हणजे वीतभर पट्टा राजधानीचा असेल, नंतरच्या व्यापाऱ्यांचा असेल, किंवा दोघांच्या खूप नंतरच्या कोळ्यांचा. एका विहिरीवरून तिघांत निवड होत नाही.

एक मुलगा हिरमुसला. त्याला राजवाडा हवा होता. याच घराण्यातल्या आइयपराजानं चंद्रपुरात नारळाच्या पाण्यानं स्नान केलं असं ताम्रपट सांगतो, त्यामुळे त्याच्या डोक्यात नुसता थाट आहे. त्याला शहाळं पाजलं.

12 मे 2024

मतदान झालं, तलाठी भेटले, जुन्या नकाशांच्या नकला मिळाल्या. निवडणुकीच्या कामात त्या अडकल्या होत्या. ज्यांना नकला लागणार असतील त्यांनी निवडणुकीचं वर्ष टाळून अर्ज करावा.

हिशेब: डीजीपीएस 5000, होडी व डिझेल 3200, नकला 1400, पेट्रोल 9600, खाणं 4500, छपाई 1100. एकूण 24,800, चौघांत वाटून. यातलं पेट्रोल निम्म्यावर आलं असतं, कडेचे फोटो आधीच काढले असते तर.

कुणगे फिरणं पुढच्या हंगामात बंद. त्याऐवजी गेल्या काही वर्षांत खणलेल्या विहिरी, घरांचे पाये आणि शौचालयांचे खड्डे यांची यादी करतोय. मालकाला चारच प्रश्न: किती फुटांवर माती बदलली, काळी लागली का, शिंपल्या लागल्या का, खापरं निघाली का. माणसं हे विसरत नाहीत, कारण फुटामागे मजुरी दिलेली असते. सतरा जागांची उत्तरं आली, त्यांतल्या पाच जणांना काळी माती लागली होती, आणि त्या पाचही जागा नकाशावर खाडीच्या जुन्या आतल्या वळणाला धरून पडतात. पाच म्हणजे फार नव्हेत. पावसाळ्यात घरी बसून आणखी विचारता येतील.

विहिरी खणणाऱ्या दोन ठेकेदारांशी बोलणं झालंय. कडं उतरवायच्या आदल्या दिवशी ते फोन करणार, आम्ही तासाभरात पोचायचं, त्यांचं काम अडवायचं नाही. एकानं विचारलं, सोन्याचो हंडो गावलो तर? काका म्हणाले, पयलो जिल्हाधिकाऱ्याक फोन, मगे माका. दिवाळीनंतरच्या पहिल्या दोन विहिरी ठरल्यात, एक बाजाराच्या खालच्या अंगाला आहे.